आईस हॉकीत लाइनमेट्सचं जमलंय का, हे मॅच बघताना कसं ओळखायचं

आईस हॉकीची मॅच पहिल्यांदा बघणाऱ्याचे डोळे पकवरच, म्हणजे बॉलच्या जागी असलेल्या रबरी चकतीवरच, खिळलेले असतात, आणि तो काळा तुकडा इतका जोरात पळतो की पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागतं, मग लोक म्हणतात काही कळत नाही बुवा या खेळात. कळतं हो, फक्त बघायचं दुसरीकडे. एका लाइनमध्ये, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या गटात, खेळणाऱ्या तीन फॉरवर्डची (हल्ला करणाऱ्यांची) आपापसातली केमिस्ट्री हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ती ओळखायला स्केटिंग यायची अजिबात गरज नाही.

१. आधी लाइन शोधा

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी लीग, तिच्या मॅचमध्ये टीमचे साधारण १२ फॉरवर्ड असतात, म्हणजे तिघातिघांच्या चार लाइन, मधे सेंटर आणि दोन बाजूंना विंगर. बर्फावरची एक पाळी, म्हणजे शिफ्ट, ४५ सेकंदांच्या आसपास, की ते तिघं बेंचवर आणि पुढचे तिघं बर्फावर, तेही खेळ चालू असताना. पहिल्या दोनतीन शिफ्टमध्ये कोण कुणाबरोबर उतरतंय ते बघा, तीन जर्सी नंबर कागदावर लिहून ठेवा आणि अख्खा पिरियड, म्हणजे २० मिनिटं, फक्त त्यांच्याकडेच लक्ष द्या. चारही लाइन एकदम बघायला गेलात तर एकही धड दिसणार नाही.

२. पकवरून नजर काढा

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. पक ज्याच्याकडे आहे त्याला सोडा, बाकीचे दोघं काय करताहेत ते बघा. व्हँकुव्हर कनक्सचे हेन्रिक आणि डॅनियल सेडिन, स्वीडनचे जुळे भाऊ, १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, लागोपाठ निवडले गेले आणि २०१८ पर्यंत एकाच टीममधून खेळले, त्यांचे जुने व्हिडिओ यासाठी लावा. हेन्रिक कोपऱ्यात बोर्डला, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीला, चिकटून उभा, पाठीवर डिफेन्समन रेललेला. तो मान वर करत नाही, पक नुसता बोर्डच्या कडेने मागे सोडून देतो. त्या क्षणाला तिथे कुणीच नसतं. आणि डॅनियल बरोब्बर तिथे पोचतो, कारण पक सुटायच्या आधीच तो निघालेला असतो. डिफेन्समन वळेपर्यंत दोघांनी जागा बदललेल्या, आणि हेच परत परत, समोरचे पाचही जण दमून चुकेपर्यंत. क्रिकेटमध्ये कॉल न देता रन चोरणारी जोडी असते ना, तसंच हे, फक्त इथे अंगावर नव्वद किलोचा माणूस आदळत असतो.

म्हणून खूण एकच लक्षात ठेवा. पास निघण्याआधी दुसरा हललाय का? हलला असेल तर जमलंय. पास आल्यावर हलतोय म्हणजे अजून ओळख चाललीय.

३. ब्लू लाइनवर थांबून बघा

ब्लू लाइन म्हणजे समोरच्यांच्या गोलकडच्या भागाची हद्द, आणि पक ती ओलांडून आत जाण्याआधी कुणी फॉरवर्ड आत गेला की ऑफसाइड, खेळ थांबतो. त्यामुळे विंगरला पूर्ण वेगात येऊन नेमकं रेषेवर स्वतःला आवरावं लागतं, एक स्केट रेषेवर ठेवून. पक नेणारा कधी आत शिरणार, सरळ जाणार की आडवं कापणार, हे माहीत असलेला विंगर वेग न तोडता आत जातो. माहीत नसलेला ब्रेक मारतो, नाहीतर शिट्टी वाजते. एकाच लाइनला एका पिरियडमध्ये हे पुन्हा पुन्हा होत असेल तर कागदावर मोठी नावं असून काही उपयोग नाही, असं खुशाल समजा.

४. तिसरा माणूस कोण आहे ते बघा

दोन स्टार आणि एक भरतीचा, असं लोक पटकन बोलून जातात आणि मला ते अजिबात पटत नाही. सेडिन भावांबरोबर बरेच विंगर खेळले, पण सूर लागला तो ॲलेक्स बरोज आल्यावर. या माणसाला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं, खालच्या लीगमधून तो वर आला होता, आणि २००९-१० मध्ये त्याने ३५ गोल मारले! तो नेटसमोर मार खात उभा राहायचा, पक समोरच्यांकडे गेला की सगळ्यात आधी मागे लागायचा, आणि भावांच्या वाटेत यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे.

तेव्हा प्रत्येक शिफ्टला विचारा, पक सुटला की आधी कोपऱ्यात कोण जातो, दुसरा पासची वाट कुठे अडवतो, आणि तिसरा वर थांबून मागची बाजू सांभाळतो का. जमलेल्या लाइनमध्ये ही कामं क्षणाक्षणाला बदलतात पण एकही काम मोकळं राहत नाही. न जमलेल्या लाइनमध्ये दोघं एकाच पकवर धावतात आणि समोरचे तिघं मोकळे सुटतात.

५. एक जण नसताना बघा

त्याच २००९-१० च्या सीझनमध्ये डॅनियल दुखापतीमुळे ८२ पैकी ६३ मॅचच खेळला, तरी हेन्रिकने ११२ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करून लीगमध्ये पहिला नंबर काढला. पुढच्या वर्षी १०४ पॉइंट करून डॅनियल पहिला. म्हणजे एकमेकांच्या कुबडीवर चालणारे हे नव्हतेच, दोघंही स्वतंत्रपणे उत्तम. खेळाडू लाइनमेटशिवाय एकदम विझत असेल तर तिथे केमिस्ट्रीपेक्षा आधार जास्त होता असं मी म्हणेन.

६. घाईत निकाल देऊ नका

पॉवर प्लेचे गोल बाजूला ठेवा, तिथे पेनल्टीमुळे समोर एक माणूस कमी असतो आणि पाच जणांचं युनिटही वेगळंच असतं. पाच विरुद्ध पाचचाच खेळ धरा. आणि दोन मॅचमध्ये चार गोल आले म्हणून नाचू नका, गोलकीपरचा दिवस वाईट असू शकतो. गोलपेक्षा, ही लाइन बर्फावर असताना पक बहुतेक वेळ कुणाच्या टोकाला आहे आणि शॉट कोण जास्त मारतंय ते बघा.

किती दिवस थांबायचं याला मात्र ठरलेलं उत्तर नाही. १९८० च्या दशकात सोव्हिएत टीमच्या क्रुतोव, लारिओनोव आणि माकारोव या तिघांना वर्षातले बहुतेक महिने सीएसकेए मॉस्को या त्यांच्या क्लबच्या कॅम्पमध्ये एकत्र ठेवलं जायचं, घरच्यांपासून लांब, आणि त्यांचं खेळणं बघताना ती एवढी वर्षं दिसतात, पण त्याची किंमतही दिसते. याउलट जॉन लेक्लेअर हा विंगर फेब्रुवारी १९९५ मध्ये माँट्रियलहून फिलाडेल्फियाला आला, त्या सीझनला तिकडे ९ मॅचमध्ये १ गोल होता, इकडे एरिक लिंड्रोस आणि मिकाएल रेनबर्गबरोबर ३७ मॅचमध्ये २५. सराव तो काय झाला असेल! पण लिंड्रोस समोरच्या दोघांना अंगावर ओढून घ्यायचा आणि लेक्लेअरला नेटसमोर जागा मिळायची, आणि त्याला नेमकी तीच जागा हवी होती.

७. रिप्ले मागे न्या

गोल झाला की सगळे शॉट परत बघतात. तुम्ही त्याच्या आधीचे दहाबारा सेकंद लावा, तेही दोनदा, एकदा पास देणाऱ्यासाठी आणि एकदा ज्याने पकला हातही लावला नाही त्याच्यासाठी. बहुतेक वेळा त्याने एखाद्या डिफेन्समनला दोन पावलं बाजूला नेलेलं असतं आणि गोलची वाट तिथूनच उघडलेली असते. सुरुवातीला कनक्सच्या २०१०-११ सीझनची, हे तिघंही खेळलेली एखादी मॅच घ्या, नंबर २२ (डॅनियल), ३३ (हेन्रिक) आणि १४ (बरोज).