पावसाळ्याआधी घोड्याच्या पोटाची तयारी

मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो, म्हणून ही यादी मे महिन्यातच हातात घ्यावी. महालक्ष्मीचे शर्यतीचे घोडे त्या सुमारास पुण्याची वाट धरतात. मागे उरतात ते रायडिंग स्कूलचे आणि हौसेने पाळलेले. त्यांचं काम चिखलामुळे कमी होतं, तबेल्यात उभं राहणं वाढतं, गवत दमट होतं, आणि पोटशूळ असल्याच दिवसांत गाठतो. पचनासाठीच्या पावडरचे डबे या यादीत आहेत, पण शेवटी.

आधी वजन काढा. काटा नसेल तर शिवणटेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर घोडा ४५० किलोचा. पुढचे सगळे हिशोब याच आकड्यावर.

कोरडा चारा वजनाच्या किमान दीड टक्के लागतो. ४५० किलोच्या घोड्याला पावणेसात किलो, आणि वाळल्या गवतातही थोडी ओल असतेच, म्हणून साडेसात-आठ किलो तोलून टाका. पेंढी बघून अंदाजाने नको. घोड्याच्या जठरात जेमतेम ८ ते १५ लिटर मावतं, तिथे आम्ल रात्रंदिवस पाझरतं, आणि ते सौम्य करणारी लाळ चावलं तरच सुटते. संध्याकाळी सातला तोबरा चढवून पहाटेपर्यंत गव्हाण रिकामी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत अल्सरला आमंत्रण आहे. बारीक भोकांची जाळी घेऊन रात्रीचं गवत त्यात भरायला सईसाला आत्ताच सांगून ठेवा.

गवताचा साठा जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको. खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री, बाजू उघड्या. कुबट वास आला किंवा झटकल्यावर धुरळा उडाला तर ती गासडी बाद. भिजवून धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही. पाऊस पडला की हिरवं गवत स्वस्त आणि मुबलक होतं, आणि सगळे हात सैल सोडतात. ते रोज मूठ-मूठ वाढवत दहा-चौदा दिवसांत आणा. मोठ्या आतड्यातले जंतू चारा पचवतात, आणि त्यांना नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात नको, तिच्यात सायनाइड तयार होतं.

काम कमी झालं की दाणाही कमी. एका वेळच्या दाण्यातून घोड्याच्या वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमहून जास्त स्टार्च जाऊ देऊ नका. आपल्या घोड्याला ते ४५० ग्रॅम, म्हणजे ओट साधारण एक किलो. रविवारी एकदाच दिला जाणारा गव्हाच्या कोंड्याचा गरम लगदा मला पटत नाही. रोजचं खाणं एका दिवसासाठी बदलतं, आणि कोंड्यात फॉस्फरस भरमसाट, कॅल्शियम नावाला. गाईचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य उरलंय म्हणून कधीही घालू नका. त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं, आणि ते घोड्याचं हृदय बंद पाडतं.

दातांच्या धारदार कडा कानशीने घासून घेणे आणि लीद तपासून मगच जंताचं औषध, ही दोन कामं मेमध्येच उरका. मीठ रोज २५-३० ग्रॅम, घाम जास्त आला तर त्याहून जास्त, आणि ते दाण्यातच घाला, कारण चाटायची वीट दमट हवेत पाझरते.

आता डबे. जिवंत यीस्टची पावडर तंतुमय चारा पचायला मदत करते. पण यीस्ट जिवंत असेल तरच! म्हणून मुदत पाहा, लहान पॅक घ्या, पत्र्याखाली तापू देऊ नका. लसूणघासातलं कॅल्शियम जठरातलं आम्ल सौम्य करतं, म्हणून स्वारीआधी दोन मुठी द्याव्यात. वाळूच्या पॅडॉकमध्ये खाणाऱ्या घोड्याची थोडी लीद पारदर्शक पिशवीत पाण्यात ढवळा. तळाशी वाळू बसली तर इसबगोल, मात्रा डॉक्टरांना विचारून. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. पावडरने अल्सर बरा होईल असं दुकानदार म्हणाला तर डबा परत ठेवा. अल्सरला दुर्बिणीची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेलं ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध लागतं.

शेवटचं काम फोनवरचं. हिंदमाताला पाणी भरलं की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलकडे गाडी नेणं अवघड होतं, तेव्हा रात्री तबेल्यात येऊ शकतील अशा दोन डॉक्टरांचे नंबर दारावर ठळक लिहा. त्याखाली हेही लिहा: घोडा कुशीकडे वळून पाहतोय, जमीन उकरतोय, लोळतोय, लीद बंद आहे, तर खाणं काढून घ्या आणि लगेच फोन करा. तोंडातून तेल ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे फुगलेलं जठर रिकामं करायला डॉक्टरांची नळीच लागते.