आधी डोंगर, मग कालो: सत्तरीतला एक दिवस, एक रात्र

जात्रेच्या रात्री नाटक बघायचं, पहाटे पडदा पडला की तसंच गाडीत बसून वाघेरी डोंगराचा पायथा गाठायचा. हा बेत दर हिवाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-डिचोली तालुक्यांच्या कुठल्या ना कुठल्या टोळक्यात शिजतो. बेत झकास आहे, क्रम उलटा आहे.

रात्रभर जागलेलं शरीर चढताना कुरकुर करत नाही. गारवा असतो, अंगात उत्साह असतो, तीन तास कसे गेले ते कळत नाही. वसुली उतरताना होते. पाऊल कुठे टाकायचं हे डोळ्यांनी दर सेकंदाला ठरवावं लागतं, आणि झोप नसलेले डोळे नेमके तिथेच दगा देतात. गोव्याच्या डोंगरांवर उताराची वाट म्हणजे सुट्या दगडांवर साचलेला पाचोळा. घोटा मुरगळतो तो इथेच, साधारण अकरा ते एकच्या दरम्यान. म्हणून शनिवारी डोंगर, दुपारी झोप, रात्री कालो (देवळाच्या उत्सवातलं रात्रभराचं नाटक), आणि रविवारी उजाडल्यावर घरी.

तारीख जुळवताना

कालोत्सव आणि जात्रा तिथीवर असतात. कार्तिक लागला की देवस्थानांच्या तारखा मराठी दैनिकांत येऊ लागतात. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष हे तीन महिने दोन्ही गोष्टींना सोयीचे. पाऊस थांबलेला, वाटा सुकलेल्या, ओढ्यांना थोडं पाणी, आणि ऊन अजून जाळत नाही.

फाल्गुनात मोह होतो, कारण शिगम्याच्या दिवसांत सत्तरीत रणमाले उभं राहतं. झर्मे, करंझोळसारख्या गावांतलं हे लोकनाट्य घुमट हे मातीचं चर्मवाद्य आणि कांसाळं ही झांज यांच्या साथीनं चालतं. कथा रामायण-महाभारतातल्या, आणि ‘जत’ ही गाणी गाणारी मंडळी पात्रांच्या मागे ओळीनं उभी राहून स्वतःच पडदा होतात. ते जरूर बघा, पण त्या दिवसांत डोंगर नको. मार्चमध्ये गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात जागोजागी वणवे पेटले होते, आणि उतारावर आग माणसापेक्षा वेगानं वर चढते. पावसाळ्यात जळवा, निसरडे कातळ आणि तासाभरात फुगणारे ओढे, तेव्हा तोही काळ वगळा.

डोंगर

गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोंसोगड, ११६६ मीटर. वाघेरी आणि मोर्लेगड त्याच्याहून कमी, पण कमी लेखण्यासारखे नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर असली तरी पायथ्याचं बारी गावच मुळात उंचावर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ नऊशे मीटरच्या आसपास भरतो. सत्तरीतली गावं समुद्रसपाटीपासून फारशी वर नाहीत, म्हणून इथे शिखराची जवळजवळ सगळी उंची पायांनीच चुकती करावी लागते. ‘गोव्यातला डोंगर तो केवढा असणार’ म्हणणारे पहिल्या तासातच गप्प होतात.

परवानगीचं काम सगळ्यात आधी. हा सगळा भाग म्हादई अभयारण्याचा आणि त्याच्या कडेचा आहे. १९९९ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. निदान आठवडाभर आधी विचारा, कारण आग, वाघाचा वावर किंवा पाऊस अशा कारणांनी वाटा मध्येच बंद होतात. वाटाड्या त्याच गावचा घ्यावा. मोबाईलवरची रेघ काजूच्या बागायतीपर्यंत ठीक चालते. त्यापुढे गुरांच्या आणि गव्यांच्या वाटा फुटतात, आणि त्या माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. चुकतात ते बहुतेक इथेच.

एक सूचना बाहेरून येणाऱ्यांसाठी. गोव्यात केरी एक नाही, तीन आहेत: पेडण्यातली समुद्रकाठची, फोंड्यातली विजयादुर्गेची, आणि सत्तरीतली, अंजुणे धरणाजवळची. आपल्याला हवी ती ही शेवटची. नकाशात नुसतं ‘केरी’ टाकलंत तर पहाटे पाचला तुम्ही तेरेखोलच्या वाळूत उभे असाल.

वेळेचा हिशेब असा करा. पाठीवर पिशवी घेतलेला, सवय नसलेला पण धडधाकट माणूस तासाला २५० ते ३०० मीटर चढतो. सातशे ते हजार मीटरचा चढ धरला तर थांबे मिळून साडेतीन-चार तास, आणि उतरायला अडीच ते तीन. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत काळोख अर्धा तास आधीच उतरतो. पायथ्याशी साडेसहाला असावं आणि चालायला उजेडात लागावं. सह्याद्रीचा हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी डोंगराच्याच सावलीत चढता येतं. तेच ऊन दुपारनंतर थेट अंगावर येतं. साडेदहाला शिखर दृष्टिपथात नसेल तर जिथे असाल तिथून मागे फिरा. ही वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांच्या देखत ठरवून ठेवा. वर गेल्यावर ‘आता थोडंच राहिलं’ म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतोच.

पाणी माणशी चार लिटर. वाटेत ओढा लागेल या भरवशावर दोनच लिटर नेणं ही नेहमीची चूक. नोव्हेंबरात वाहणारा ओढा जानेवारीत नुसते दगड दाखवतो. चारपैकी एक लिटर मीठ-साखरेचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मीठ यापेक्षा वाढवू नका, उलटी होते. त्याऐवजी आमसोलांचं मीठ घातलेलं सरबत चालतं, आणि ते प्यायलाही जातं. नुसतं पाणी ढोसत घाम गाळला की दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट.

खाण्याला आदल्या जात्रेतली खाजीं असतील तर उत्तम. बेसनाच्या कांड्या, त्यावर आल्याच्या गुळाचा थर: वजनाला हलकी, चघळायला सोपी, पोटाला सोसणारी. फक्त डबा घट्ट हवा, दमट हवेत गूळ सुटतो आणि सगळी एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. निघण्यापूर्वी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. तळलेलं काही नको.

पायांत खोल खाचांच्या तळव्याचे बूट. नवे असतील तर आधी निदान तीस किलोमीटर घालून फिरलेले. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतारावर बोटं पुढे आपटतात, वाढलेलं नख काळं पडतं आणि महिन्याभरानं गळतं. उतरताना नाड्या घोट्याशी पुन्हा आवळा, म्हणजे पाऊल बुटात पुढे सरकत नाही. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड, आणि दोघांत तीन-चार मीटरचं अंतर, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या दिशेनंच येतो.

आता गोचीड. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला डोंगराचा आणि काजूचा हंगाम. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट घाला, त्यावर काळी गोचीड चटकन दिसते. विजार मोज्यांत खोवा, उघड्या अंगावर आणि मोज्यांवर कीटकरोधक तेल लावा, आणि पाचोळ्यावर बूड टेकू नका, दगडावर बसा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनरक्षकाला कळवा. खाली आल्यावर कपडे थेट पिशवीत बंद करा आणि काख, जांघ, कानामागचा भाग, गुडघ्यामागची खळी तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल ओतणं, काडी लावणं असले उपाय करू नयेत. पुढच्या आठवड्याभरात एकाएकी जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर वाळपईच्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘डोंगरावर गेलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, तोंडानं ओढणं नाही. चावलेला भाग फळीला बांधल्यासारखा स्थिर करून माणसाला उचलून खाली आणायचं आणि १०८ला फोन करायचा. फोनला रेंज नेहमी मिळत नाही, तेव्हा वाटेत जिथे मिळते ती जागा वाटाड्याला विचारून चढतानाच लक्षात ठेवा.

दुपार

एक-दीडपर्यंत खाली. आंघोळ, भात, वर सोलकढी, आणि अडीच ते साडेसहा अशी चार तासांची झोप. ती खरी झोप हवी, गाडीत मान टाकून काढलेली डुलकी धरायची नाही. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्या अर्धा-अर्धा मिनिट ताणून घ्या, नाहीतर रात्री मांडी घालून बसल्यावर उठता येत नाही. दारू घेतलीत तर झोप तुटक लागते आणि घामानं गेलेलं पाणी भरून निघत नाही. तेव्हा फेणी दुसऱ्या दिवशी.

रात्र

फलकावर दहा लिहिलेलं असतं, पण आधी पालखी, मग कुठे कुठे पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, आणि मग नाटक. पूर्वी बारा-साडेबाराशिवाय नांदी ऐकू येत नसे. आता ध्वनिक्षेपकावर रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्याची मर्यादा असल्यामुळे काही देवस्थानं प्रयोग लवकर उभा करतात. संध्याकाळी देवळात एका फोननं खरी वेळ कळते.

दशावतारी कालो असेल तर सुरुवात चुकवू नका. अनेकजण आख्यान सुरू झालं की येतात आणि अर्धी गंमत घालवतात. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती, आणि मग शंकासुर. काळ्या पेहरावातला हा असुर वेद पळवणारा खरा, पण बोलीतून प्रेक्षकांशी हुज्जत घालतो आणि गावातल्या ताज्या भानगडींना चिमटे काढतो. गावचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर तो अर्धा तास पुरतो. पुढे आख्यान. त्याला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद त्या क्षणी रचलेले. म्हणून एकच आख्यान दोन गावांत दोन तऱ्हेनं रंगतं, आणि दोन मुरलेले नट समोरासमोर आले की वाद तासभरही चालतो. पहाटे दहीहंडी फुटून कालो होतो तोवर थांबायचं.

हौशी मंडळाचं संगीत नाटक असेल तर गणित वेगळं. अंक आणि प्रवेश मिळून चार-पाच तास. मध्यंतर लांबतं, बक्षिसांच्या घोषणा होतात. पदं ऐकायची तर पेटी-तबल्याच्या बाजूला बसा.

जागा निवडताना चटई चौथ्या-पाचव्या रांगेच्या सुमारास, मधोमध टाका. अगदी पुढे पोरं असतात आणि मान वर करून बसावं लागतं. ध्वनिक्षेपकाच्या खांबापासून निदान दहा-बारा पावलं दूर राहा. हातभरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ती जागा कानांना वाईट, उठा. शेजारी वाट मोकळी ठेवा, म्हातारीकोतारी मंडळी रात्रीत चार वेळा उठतात.

मंडपाला छत असलं तरी बाजू उघड्या असतात आणि सत्तरीत पहाटे दंव पडतं. दुपारी घामाघूम झालेला माणूस तीनला कुडकुडतो. कानटोपी, चादर, आणि खाली चटईवर जाड घोंगडी. गारठा वरून येतो त्याहून जास्त जमिनीतून चढतो. दर तासाला उठून मंडपाला एक फेरी घाला, दिवसभर राबलेले पाय बसल्या जागी आखडतात. मिरची भजी आणि चहाचं दुकान तेवढ्यासाठीच असतं म्हणा ना. नटावर टॉर्च किंवा फोनचा उजेड मारू नका, आणि फोटो काढायचाच तर शंकासुराच्या वेळी काढा, तो चालवून घेतो आणि वर तुमचीच टर उडवतो.

परतताना

कालो संपतो पाच-साडेपाचला. केरीहून पणजी साधारण ४५ किलोमीटर, रस्ता वळणांचा, आणि त्या वेळी समोरून घाटातले ट्रक. गटातला एकजण आधीच नेमा, जो मध्यरात्रीनंतर नाटक सोडून गाडीत किंवा ओळखीच्या घरी झोपेल. असा कोणी तयार होत नसेल, आणि बहुधा होत नाहीच, तर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या जागेत, आधी विचारून ठेवा. दोन-तीन तास चटईवर पाठ टेका, नऊला पातळ भाजी-पाव खा, आणि मग गाडीची चावी हातात घ्या.