जुनी गाडी गरम होतेय? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

माझी गाडी ९८ सालची, कार्ब्युरेटरवाली. दोन उन्हाळे तिने मला खंबाटकीत रडवलं. पुण्यात सिग्नलला कितीही वेळ उभी ठेवा, तापमानाचा काटा मध्यावर. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर ओढायला लागली की पाच मिनिटांत काटा एचला, म्हणजे हॉटच्या खुणेला. या भानगडीत रेडिएटर साफ करून झाला, फॅनची मोटर बदलून झाली, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) तर एका गॅरेजवाल्याने मला न विचारताच काढून फेकला, आणि शेवटी निघालं काय तर रेडिएटरचा खालचा होज पाइप. आतली स्प्रिंग गंजून तुकडे झाली होती, इंजिनने जोर धरला की पंप पाणी खेचायचा आणि मऊ पडलेला पाइप चपटा व्हायचा, मग पाणी येणार कुठून. गॅरेजमध्ये आयडलला तोच पाइप छान गोल दिसायचा, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्या चाचांनी मला सीटवर बसवून रेस करायला लावली आणि स्वतः वाकून खाली बघत बसले. दोन मिनिटांचं काम.

त्यामुळे कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न एकच, गरम कधी होते?

ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेला थंड असेल तर फॅन. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोणी नाही. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत रेडिएटरच्या टाकीवर दोन वायरचा थर्मोस्विच असतो, पाणी तापलं की तोच फॅन लावतो, त्याचा कनेक्टर काढायचा, इग्निशन ऑन करून दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची. फॅन फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज आणि रिले बघा, मग मोटरला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघा. हे करताना हात, ओढणी, सैल बाही लांब ठेवा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो.

उलटं असेल, म्हणजे गावात ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या स्पीडला गरम, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटरमध्ये थंड होत नाहीये. इथे खालचा पाइप, बेल्ट, पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट आणि आतून बुजलेला रेडिएटर हे सगळे संशयित, आणि स्पार्कचं टायमिंग मागे गेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल तरी गाडी तापते हे लक्षात ठेवा. रेडिएटर बुजलाय का बघायला गाडी पूर्ण गरम करा, बंद करा, फॅनचा कनेक्टर काढा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर सगळीकडे फिरवा. उष्णता एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूहळू कमी होत गेली पाहिजे, मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्यांत सळई मारून साफ करता येतो, प्लॅस्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनियमवाला असेल तर नवीनच घ्या. आणि हो, आधी बाहेरून बघा, कधीकधी नुसते किडे आणि चिखल अडकलेला असतो, आतून बाहेर हळू पाणी मारलं की काम झालं. प्रेशर गनने मारू नका, पाती वाकतात.

सकाळी स्टार्ट केली आणि दोन-तीन मिनिटांतच काटा वर गेला तर प्रकरण वेगळं, एकतर पाणीच नाही, नाहीतर एअर लॉक, म्हणजे पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा, नाहीतर थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग.

प्रश्नाचं उत्तर काहीही असो, सुरुवात मात्र थंड गाडीपासून करायची, सकाळी पहिल्यांदा. गरम असताना रेडिएटरची कॅप अजिबात उघडायची नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतली लेव्हल बघून समाधान मानू नका, कॅप उघडून रेडिएटरमध्ये डोकवा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा हे मी अनेक गाड्यांत बघितलंय, आणि तेव्हा बहुतेकदा कॅपच दोषी असते. कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये दाब. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणजे रबर कडक झालं, दाब धरला नाही की काटा फार वर नसतानाही गाडी पाणी फेकणार. कॅपच्या मधोमध दुसरा छोटा व्हॉल्व्ह असतो, गाडी थंड झाली की त्यातून बाटलीतलं पाणी परत आत येतं. तो चिकटला की थंड झालेल्या गाडीचा वरचा पाइप आत ओढल्यासारखा चपटा दिसतो. कॅप सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, संशय असेल तर सरळ बदला, फक्त आकडा तोच घ्या, जास्त दाबाची लावलीत तर जुने पाइप फाटतील.

आता थर्मोस्टॅट. "साहेब आपल्याकडे कुठे एवढी थंडी, काढून टाकू" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा जुन्या गाडीचा मालक मला अजून भेटायचाय. काढल्यावर काटा खाली राहतो म्हणून आपण खूष, पण इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ होतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तपासायला गॅरेज लागत नाही. पार्टवर आकडा कोरलेला असतो, समजा ८२. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. ८२ च्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला तर चांगला आहे, परत बसवा. (पातेलं जुनं घ्या, आमच्याकडे यावरून महाभारत झालंय.) गाडीवरच बघायचं तर काटा मध्यावर आल्यावर वरचा पाइप गरम आणि खालचा बराच वेळ थंडगार असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा रेडिएटर बुजलाय.

पाणी रोज कमी होतंय पण खाली डाग नाही, असं असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. पंपाच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला की सील गेलं, पंप बदला. पायाशी कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर लीक आहे.

काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो, पाणी संपलं की तो हवेत, आणि काटा चक्क खाली येतो. चढावर वर गेलेला काटा एकदम पडला तर आनंद मानू नका, लगेच थांबा.

हेड गॅस्केट शेवटी बघा पण बघा. थंड इंजिन, कॅप उघडी, स्टार्ट करा, सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. थंड गाडी सुरू करून मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तरी तोच अर्थ. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर घाबरण्याआधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत झाकणाला तसा थर नुसत्या वाफेनेही बसतो. डिपस्टिकवरही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका, हेड उघडावं लागेल, आणि उघडलंच तर वाकलंय का ते तपासून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करून घ्या, नाहीतर नवीन गॅस्केट परत उडेल.

रस्त्यातच काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल. मे महिन्यात आत बसवत नाही, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. वाफ निघायला लागली तर बाजूला घेऊन इंजिन बंद, किमान अर्धा-पाऊण तास थांबा, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

काम झाल्यावर भरायला बोअरचं पाणी नको, क्षार त्यानेच बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे. जुनं कूलंट अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. भरताना कॅप उघडी ठेवून, हीटर गरमवर करून, गाडीचं नाक थोडं चढावर ठेवून आयडलला चालवा, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत हवा निघत राहते, लेव्हल खाली जाईल तसं भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत कॅप उघडून बघा, पाव-अर्धा लिटर तरी जाईलच.