ऑनलाइन वर्ग लावायच्या आधी विचारा, घरातला फोन दिवसा कुठं असतो

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि प्रत्येक पोराच्या नावापुढं लिहा, घरात फोन किती आणि तो दिवसा कुणाच्या खिशात असतो. आम्ही हे शेवटी केलं म्हणून सांगतेय. 2020मध्ये कोरोनामुळं शाळा बंद होत्या, तेव्हा सांगलीतल्या आमच्या मिशनच्या शाळेत जूनमध्ये थाटात सकाळी नऊची झूम लावली आणि सहावीतली निम्मी पोरं गायब, का तर बाबा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला आणि फोन त्यांच्यासोबत, तो घरी येणार रात्री आठला, तोवर पोरगं जेवून पेंगायला लागलेलं.

तेव्हा धडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, छोटा ऑडिओ, छोटा व्हिडिओ, लाइव्ह फक्त शंकांना आणि तेही संध्याकाळी. फुकटातली झूम तशीही 40 मिनिटांत बंद पडते, आणि त्याच जुलैत आलेल्या केंद्राच्या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रज्ञाता गाइडलाइन्समध्येही पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास म्हटलं होतं, म्हणजे अख्खं टाइमटेबल मोबाइलवर उतरवायचा हट्ट सोडा (आमच्या सुपरवायझर मॅडमना हे पटायला पंधरा दिवस लागले).

व्हिडिओला स्टँड विकत आणू नका, जाळीचं प्लास्टिकचं स्टूल घ्या, जाळीवर फोन आडवा ठेवा, स्क्रीन वर, मागचा कॅमेरा भोकावर, आणि खाली वही ठेवून गणित सोडवा. पंखा बंद करा, नाहीतर आवाजात नुसतं घरघर.

पुस्तकांचं बघा. 2019च्या पुरात गावभागातल्या बऱ्याच घरांत थोरल्याची पुस्तकं भिजून गेली, त्यामुळं धाकट्याला ती मिळायचा रस्ताच बंद. बालभारतीची पीडीएफ फुकट आहे पण पाच इंची स्क्रीनवर भूगोलाचा नकाशा वाचून दाखवा बरं. लागतील तेवढीच पानं झेरॉक्स करून शनिवारी गेटवर द्या.

प्रार्थना विसरू नका. आमच्या सिस्टर तेव्हा रोज दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवायच्या, प्रार्थना, आजचा वार आणि वाढदिवस असलेल्यांची नावं. विज्ञानाचा ऑडिओ न उघडणारी पोरंसुद्धा तो ऐकायची, हिंदू काय मुसलमान काय, सगळ्यांना आपलं नाव सिस्टरच्या तोंडून ऐकायचं असायचं. व्हॅल्यू एज्युकेशनला वर्कशीट नको, जो आठवडाभर दिसला नाही त्याला एका पोरानं फोन करायचा, झाला तास.

फी थकली म्हणून कुणाला ग्रुपमधून काढायचं नाही, हे फादरकडून पहिल्याच मीटिंगला लेखी घ्या. तोंडी राहिलं की नंतर ऑफिस आणि टीचरमध्ये जुंपते.

आणि जे नंबर बंद लागतात त्यांची यादी शिपाईमामांकडं द्या. आमच्याकडं असे अकरा होते, मामांनी सायकलवर फिरून सात घरं शोधली, एक पोरगं तर गल्लीच्या तोंडाशी भाजीचा गाडा लावून उभं होतं, मामांना बघून गाड्यामागं लपलं.