विरळ वस्तीच्या काउंटीचा उगम कसा शोधावा: टेक्ससमधील लव्हिंगचे उदाहरण

टेक्ससच्या पश्चिमेस, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून सुमारे १,७५० चौरस किलोमीटर पसरलेल्या लव्हिंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा राज्याचा प्रशासकीय विभाग) २०२०च्या जनगणनेनुसार अवघे ६४ रहिवासी होते. अशा काउंटीचा उगम शोधताना सरकारी कागदपत्रांवर भिस्त ठेवावी हे खरेच. मात्र येथे त्या कागदपत्रांचीही उलटतपासणी करावी लागते.

आधी स्थापनेच्या दोन तारखा वेगळ्या कराव्यात. विधिमंडळ कायद्याने हद्द आखते ती एक, आणि निवडणूक होऊन प्रत्यक्ष कारभार सुरू होतो ती दुसरी. लव्हिंगची हद्द १८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीतून आखली गेली, कारभार १८९३ मध्ये सुरू झाला, १८९७ मध्ये तो विधिमंडळाने मोडीत काढला आणि १९३१ मध्ये पुन्हा उभा राहिला. टेक्ससमध्ये दोनदा संघटित झालेली ही एकमेव काउंटी होय. मधल्या काळात ती रीव्ह्ज काउंटीला जोडलेली असल्यामुळे त्या वर्षांच्या खरेदीखतांचा शोध पेकॉस येथील रीव्ह्जच्या कचेरीपासून सुरू करावा.

त्यानंतर कारभाराची मागणी कोणी व कशासाठी केली, हे पाहावे. १८९०च्या जनगणनेत लव्हिंगमध्ये तीनच माणसे होती. तरीही १८९३च्या अर्जावर सुमारे १५० मतदारांच्या सह्या होत्या! पेकॉस नदीवर कालवा काढू पाहणाऱ्या कंपनीची मंडळी या खटपटीमागे होती. म्हणून प्रत्येक अर्ज, मतमोजणी आणि करयादी लगतच्या जनगणनेशी ताडून पाहावी, कारण ओसाड मुलखात खोट्या सह्यांना हरकत घेणारा शेजारीच नसतो. १८९०च्या जनगणनेची व्यक्तिनिहाय पत्रके मात्र १९२१च्या आगीनंतर बहुतांश नष्ट झाल्याने तेथे केवळ एकूण आकडे मिळतात. १९०० ते १९५० या काळातील नावनिशीवार पत्रके खुली आहेत.

दुसऱ्या स्थापनेचे कारण सरळ आहे: १९२०च्या दशकात तेल सापडले आणि माणसे आली.

नावांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. ज्याच्यावरून काउंटीचे नाव पडले, तो गुरांचे तांडे हाकणारा ऑलिव्हर लव्हिंग १८६७ मध्येच, म्हणजे काउंटी होण्यापूर्वी वीस वर्षे, मरण पावला होता. मुख्य ठाणे मेंटोन हेही नकाशावर फसवते. पहिले मेंटोन आजच्या गावाच्या जागी नव्हते, त्यामुळे जुना उल्लेख दिसताच साल तपासावे.

शेवटी ऑस्टिन येथील राज्याच्या जमीन कार्यालयाकडे वळावे. स्थानिक कारभार बंद असतानाही जमिनीचे मूळ वाटप राज्याच्याच हाती असल्याने, काउंटीच्या दप्तरात जेथे खंड पडतो तेथे ही नोंद बहुधा उपयोगी पडते.