पहिल्यांदा थीम पार्कला चाललाय? मग आधी डब्याचं बघा

पहिल्या वेळी आम्ही काय केलं, तर तिकिटं काढली, गाडी ठरवली, मुलांनी राईडचे व्हिडिओ बघून बघून माझ्या मोबाईलचा डेटा संपवला, आणि सासूबाईंनी विचारलं की जेवणाचं काय, तर सगळे म्हणालो बघू तिथं, एवढं मोठं पार्क आहे, खायला मिळेलच की. मिळालं ना. सात माणसं, दोन वेळचं खाणं, पाण्याच्या बाटल्या, आईस्क्रीम, मग परत आईस्क्रीम, कारण एकाचं खाली पडलं. घरी येऊन ह्यांनी वहीत मांडलं तर खाण्याचा खर्च गाडीच्या डिझेलच्या वर गेलेला. पार्क कुठलं ते जाऊ द्या, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच.

नंतर अजून दोनदा जाऊन आलो आणि आता हात बसलाय, म्हणून लिहिते. आणि मुद्दाम आपल्याकडच्या लोकांसाठी, म्हणजे चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे ह्या बाजूच्या. कारण मुंबई-पुण्याचा माणूस सकाळी घरून पोहे खाऊन निघतो आणि रात्री घरी येऊन जेवतो. आपल्याला एका दिवसाच्या पार्कसाठी जातानाची एक रात्र आणि येतानाची एक रात्र लागते, म्हणजे मोजून पाच-सहा वेळचं खाणं आलं. ह्यातलं फक्त एक वेळचं पार्कच्या आत विकत घ्यायचं, तेही घरीच ठरवून. बाकी सगळं गेटच्या बाहेर. एवढं जमलं तर आतल्या जेवणात काटकसर करत बसायची वेळच येत नाही, मुलांना मनासारखं खाऊ देता येतं.

आकडा घालून बघा. समजा आत एका माणसाचं जेवण ३०० रुपये. सात जणांचे २१०० झाले. सकाळचा नाश्ता, दुपारचं, चारचं आणि निघतानाचं असं सगळं आतच केलं तर हा आकडा कुठं जाईल ते तुम्हीच बघा. ३०० च्या जागी तुमच्या पार्कचा खरा भाव टाका, मेनूचे फोटो नेटवर लोकांनी टाकलेले असतात, फक्त फोटोची तारीख बघा, जुन्या भावावर बजेट बसवू नका.

तिकीट काढायच्या आधी पार्कला एक फोन लावायचा. वेबसाईटवर सगळं असतं असं म्हणतात पण फोनवर माणूस नीट सांगतो. विचारायचं काय, तर तिकिटासोबत जेवणाचं कूपन मिळतं का आणि ते किती माणसांत, बुफे असेल तर किती वाजेपर्यंत, एकदा बाहेर आलं तर हातावर शिक्का मारून परत आत सोडतात का, पिण्याच्या पाण्याचे कूलर कुठं आहेत, आणि लहान बाळाचं खाणं, म्हाताऱ्या माणसाची औषधं, शुगरवाल्यांसाठी बिस्किटं आत नेऊ देतात का. शिक्का मारून परत सोडत असतील तर अर्धं काम झालं समजा, दुपारी गाडीपाशी येऊन घरचा डबा खायचा. नसतील सोडत तर कूपनवालं तिकीट परवडतं का ते बघायचं, आणि इथं एक गोष्ट, बुफेचं कूपन मोठ्यांना परवडतं, चार-पाच वर्षांच्या पोराला नाही, ते दोन घास खाऊन पळतं. त्याच्यासाठी वेगळी एक प्लेट घेतलेली बरी.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून गेटवर भांडायला जाऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलंय की बाहेरचं खाणं आणायला मालक मनाई करू शकतो, पण पिण्याचं शुद्ध पाणी फुकट द्यायला पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेऊ द्यावं. तो निकाल टॉकीजचा आहे, पार्कचे नियम पार्कच्या पाटीवर वाचायचे, पण पाणी आणि बाळाचं खाणं ह्या दोन गोष्टी हक्काने विचारायला काही हरकत नाही.

आमच्या गेटवरचा किस्सा सांगते. बॅग तपासणाऱ्या पोराने पिशवी उघडली, वर टॉवेल, खाली स्टीलचा तीन ताळी डबा. त्याने झाकण उघडलं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. म्हणाला, आजी, बाहेरचं आत चालणार नाही. सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "आरे भाऊ, हाई घरनं शे, बाहेरनं नही." तो पोरगा पण हसला, मागची लाईन पण हसली, डबा मात्र परत गाडीत गेला. दिवसभर उन्हात बंद गाडीत राहिला आणि संध्याकाळी झाकण काढलं तर चटणी ठीक होती, दशम्यांना मात्र आंबूस वास. सासूबाईंनी गायीला घातल्या, आणि तो विषय अजून निघतो आमच्याकडे.

चूक आमचीच होती, कारण दशम्या गरम गरम डब्यात भरल्या होत्या. प्रवासाची दशमी नीट केली तर दीड-दोन दिवस काही होत नाही. पीठ पाण्याने नाही, दुधाने मळायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही. मीठ किंवा गूळ, आणि तेलाचं मोहन जरा सढळ. मंद आचेवर दोन्हीकडून तेल सोडून भाजायची, मग सुती धोतराच्या फडक्यावर एकेक वेगळी पसरून पार गार होऊ द्यायची. एकावर एक ठेवली की वाफ धरते, आणि वाफ धरली की ती दुपारनंतर गेलीच. गार झाल्यावर त्याच फडक्यात गुंडाळून डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

सोबत काय न्यायचं तर कोरडी शेंगदाण्याची नाहीतर तिळाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुरमुऱ्यांचा चिवडा, गूळ-शेंगदाणे. केळी तर आपल्याच घरची, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि आपण पार्काबाहेर दुसऱ्याची पिचलेली केळी विकत घ्यायची म्हणजे कठीण आहे. थोडी कच्चट घ्या, स्टीलच्या डब्यात आडवी ठेवा, पिशवीत टाकली की त्यांचा शिरा होतो. भरीत नेऊ नका, मला माहितीय मोह होतो, पण भरीत रात्री केलं तर सकाळपर्यंत उतरतं. शेवभाजीचा रस्सा नको, दह्याचं काही नको, ओल्या खोबऱ्याची चटणी नको. कळण्याची भाकरी मला स्वतःला गार झाल्यावर चामट लागते, आमच्या ह्यांना चालते, तुमचं तुम्ही बघा.

आता जायचं कसं ह्यावर खाणं ठरतं. खोपोलीचं इमॅजिका, जे २०१३ मध्ये सुरू झालं, तिथं जायचं असेल तर आपल्याकडून रात्रीची रेल्वे पकडून पहाटे कल्याण, तिथून कर्जत-खोपोलीची लोकल. खोपोलीला थेट लोकल कमी आहेत, नाहीतर कर्जतला बदलायचं, आणि बदलायचंच आहे तर कर्जतचा वडा खाऊनच बदलायचं. रात्रीचं जेवण रेल्वेत दशमी-चटणी, सकाळी स्टेशनवर वडा किंवा पोहे आणि चहा, म्हणजे दोन वेळा झाल्या आणि पाकीट अजून उघडलंच नाही म्हणा. स्टेशनवर पाणी घेताना रेल नीर मागा, सप्टेंबर २०२५ पासून लिटरची बाटली १४ रुपयांना आहे, सुट्टे नाहीत म्हणून कोणी २० घेत असेल तर देऊ नका. जनरल डब्यासमोर जे इकॉनॉमी मीलचे काउंटर असतात ना, तिथं २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं मिळतं, येताना उपयोगी पडतं.

शिर्डीच्या वॉटर पार्कला जायचं असेल तर आपल्याला सगळ्यात सोपं, सकाळी निघालं की पोचतो, आणि जेवणाचा प्रश्न तर साईसंस्थानच्या प्रसादालयातच सुटतो. कूपन घेऊन रांगेत बसायचं, वरण-भात, भाजी, पोळी पोटभर. आम्ही पार्क आधी आणि दर्शन-प्रसाद संध्याकाळी असं ठेवलं होतं, उलटं केलं तर पोटभर जेवून पाण्यात उतरायचं जीवावर येतं.

एक फार महत्त्वाचं, कॅलेंडर बघा. आम्ही दुसऱ्या वेळी गेलो ती नेमकी संकष्टी निघाली. सासूबाई आणि जाऊबाई दोघींचा उपवास, आत उपवासाचं म्हणून फक्त तळलेला बटाटा, तोही कुठल्या तेलात तळला कोण जाणे म्हणून त्यांनी खाल्ला नाही. आणि खोपोलीकडे गेलात तर महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर दोन्ही त्याच बाजूला, त्यामुळे संकष्टीला रस्त्याला गर्दी ती वेगळीच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सोडून तारीख धरा.

आता आत गेल्यावरचं. रिकामी बाटली सोबत ठेवा आणि कूलर दिसला की भरा, तहान लागायची वाट बघू नका. एक वाजता जेवायला जायचंच नाही, एक वाजता सगळं पार्क जेवायला येतं. एकतर पावणेबाराला बसा नाहीतर अडीचनंतर. आम्ही सकाळी पोट भरून आत जातो म्हणून अडीच जमतात, आणि सगळे जेवत असतात तेव्हा राईडची लाईन छोटी असते हा फायदा वेगळाच. पण लहान मुलं असतील तर पावणेबाराच, कारण भुकेलं पोरगं रडायला लागलं की समोर जो स्टॉल असेल तिथं, जो भाव असेल त्या भावात घ्यावं लागतं, खरा पैसा तिथंच जातो.

ऑर्डर एकदम करू नका. सात माणसांना आधी चार प्लेट सांगायच्या, वाटून खायच्या, कमी पडलं तर परत काउंटरला जायचं. थाळी मिळत असेल तर थाळी, त्यात निदान पोट भरतं. कोल्ड्रिंकवाला कॉम्बो बघायला स्वस्त वाटतो, पण कोल्ड्रिंक बाजूला काढून हिशोब करा मग बोला. जेवल्यावर तासभर मोठी राईड नाही, हा नियम आमच्याकडे माझ्या पुतण्यामुळे आला. छोले-भटुरे खाऊन तो लगेच उलटं-सुलटं फिरवणाऱ्या झुल्यावर बसला, आणि खाली उतरल्यावर छोले-भटुऱ्याचे पैसे वाया गेले एवढंच सांगते. इमॅजिकाच्या नायट्रोसारखी मोठी रोलर कोस्टर असेल तर ती जेवणाआधीच उरकून टाका. आणि राजासॉरससारखी पाण्यातली राईड असेल तर खाऊची पिशवी घेऊन बसू नका, अंगावर पाणी येतं, बिस्किटांचा लगदा होतो.

आईस्क्रीमवर वाद टाळायला आम्ही सकाळीच प्रत्येक मुलाला सांगतो, एक आईस्क्रीम तुझं, कधी खायचं ते तू ठरव. गंमत म्हणजे मग ती पोरं साठवून ठेवतात, धाकटीने तर संध्याकाळी निघताना खाल्लं. पैशाचं कार्ड किंवा हातातला पट्टा रिचार्ज करायचा असेल तर थोडे थोडे टाका आणि निघायच्या आधी उरलेले परत घ्या, बाहेर पडल्यावर आठवून उपयोग नाही.

बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणाला जीएसटी ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते धरून ठेवलं, म्हणून लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. मात्र टेबलावर बसवून पाण्याची बाटली छापील किमतीच्या वर लावली तर तिथं वाद घालू नका, रेस्टॉरंटला तसं घेता येतं असं सुप्रीम कोर्टानेच २०१७ मध्ये म्हटलंय. म्हणून बाटली मागवायचीच नाही, साधं पाणी मागायचं.

संध्याकाळी निघताना सगळ्यांना एकदम भूक लागते, आणि बाहेर पडायच्या वाटेवर शेवटचे स्टॉल बरोबर तिथंच असतात. त्यासाठी चिवडा आणि गूळ-शेंगदाणे गाडीत किंवा बाहेरच्या क्लोक रूममध्ये ठेवलेले असू द्या, मुठभर खाल्लं की जवळच्या गावातल्या खानावळीपर्यंत निभतं. तिथं राईस प्लेट सांगायची. आपल्यासारखं तिखट मिळणार नाही, ठेच्याची छोटी बाटली पिशवीत असू द्या.

आणि घरून निघायच्या आधी खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून एका डब्यात काढून ओट्यावर ठेवा, कांदा-लसूण बाजूला. सकाळी सात वाजता स्टेशनवरून आल्यावर कोणाच्यात काही करायची ताकद नसते आणि मग दारातूनच कोणीतरी म्हणतं की बाहेरून मागवू. आमच्याकडे बॅगा हॉलमध्ये पडलेल्या असतात, पोरं झोपलेली, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. वरून कच्चं तेल, भाजलेला पापड.