घरच्या हाय-फाय संचात नवी केबल लावून पाहताना

नवी केबल जोडल्यावर आवाज बदलल्यासारखा वाटला, तर एक तर ती केबल विद्युतदृष्ट्या खरोखर वेगळी असते, किंवा जुनी पिन काढून दुसरी बसवताना सॉकेटमधला मळ निघून जोड सुधारलेला असतो, किंवा खर्च केलेल्या पैशांमुळे कान फरक शोधू लागलेले असतात. पुढे दिलेली पद्धत ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढण्यासाठी आहे. मराठवाड्यातील घरांत यांपैकी दुसऱ्या कारणाकडे जरा जास्तच लक्ष द्यावे लागते, कारण उन्हाळाभर उडणारी बारीक धूळ ॲम्प्लिफायरच्या मागच्या सॉकेटांत जाऊन बसते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिथेच धातू काळा पडू लागतो.

म्हणून नवी केबल खोक्यातून काढण्याआधी जुन्या केबलला न्याय द्यावा. ॲम्प्लिफायर बंद करून, भिंतीवरचे बटणही बंद करून सर्व आरसीए पिना (सीडी प्लेअरसारखी उपकरणे ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या गोल पिना) उपसाव्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती कापडाने पुसाव्यात, आणि कोरड्या झाल्यावर पुन्हा बसवताना सॉकेटमध्ये दोन-तीन वेळा हलकेच फिरवाव्यात. स्पीकरच्या वायरचे उघडे टोक काळवंडले असेल तर तेवढा तुकडा कापून नवे टोक सोलावे. एका बाजूचा आवाज अधूनमधून जाणे, खरखर येणे, या तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात. तुलना करायची ती या स्वच्छ केलेल्या जुन्या केबलशी.

संचातून सतत घुं-घुं ऐकू येत असेल तर तिचा बंदोबस्त आधी करावा, कारण ती महागड्या केबलने क्वचितच जाते. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे हा गुंजारव ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो आणि पुष्कळदा तो दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वेटोळ्यामुळे येतो. डिश किंवा केबल टीव्हीची वायर, संगणक, लॅपटॉपचा चार्जर असे एकेक उपकरण संचापासून सोडवून पाहावे. जे सोडवताच आवाज थांबेल तिथे दोष आहे. यावर उपाय म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत मानू नये. आपली काळी माती उन्हाळ्यात आटून भेगाळते, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा विरोध वाढतो. त्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि जुन्या घरात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्यावे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर लाइट गेलेली असताना तुलना करूच नये, कारण तशा विजेवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतो.

आता स्पीकरची वायर. इथे महत्त्व आहे ते मुख्यतः जाडीला आणि लांबीला. वायरचा जाण्या-येण्याचा एकूण विरोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या (स्पीकर आवाजाच्या विजेला करतो त्या विरोधाच्या) ५ टक्क्यांच्या आत राहावा, असा एक उपयोगी ठोकताळा आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी ०.२ ओहम. बारीक तारांच्या, शुद्ध तांब्याच्या वायरचा विरोध दर मीटरला ०.७५ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २६ मिलिओहम, दीडमध्ये १३ आणि अडीचमध्ये ८ असतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ६ मीटरवर असेल तर तांब्याची वाट १२ मीटरची होते आणि विरोध अनुक्रमे सुमारे ०.३१, ०.१६ आणि ०.१ ओहम येतो. ४ ओहमच्या स्पीकरला पहिली वायर अपुरी पडते, दुसरी चालते, आणि अडीचच्या पुढे जाऊन फारसे हाती लागत नाही. स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो, म्हणून बारीक वायरमुळे आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा तोलही थोडा बदलतो. वायर बदलल्यावर खरोखर ऐकू येणारा फरक बहुधा हाच असतो.

लातूरच्या गंजगोलाईत घ्या किंवा संभाजीनगरात, वायर मीटरवर विकत घेताना एक तार पात्याने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे, आणि तेवढ्याच जाडीत तिचा विरोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. हातात ती हलकीही लागते. वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर मात्र ते कल्हई केलेले तांबे आहे आणि त्यात काही वावगे नाही.

आरसीए केबलच्या बाबतीत सीडी प्लेअर किंवा डॅकसाठी (डिजिटल संकेतापासून आवाजाचा संकेत बनवणाऱ्या उपकरणासाठी) चांगले आवरण आणि घट्ट बसणारी पिन एवढे पुरेसे आहे. अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, वरच्या पट्टीतील आवाज केबलच्या कपॅसिटन्सवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात) अवलंबून असतो. ऑर्टोफॉन २एम रेड ही कार्ट्रिज १५० ते ३०० पिकोफॅरड मागते, तर ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई १०० ते २००. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) वायर, केबल आणि ॲम्प्लिफायरचा फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा) इनपुट या सर्वांची बेरीज त्या मर्यादेत बसली पाहिजे. म्हणून इथे केबल आखूड ठेवावी आणि दर मीटरचा कपॅसिटन्स छापलेला असेल तीच घ्यावी.

प्रत्यक्ष तुलना कूलर आणि पंखा बंद ठेवता येईल अशा वेळी, पहाटे किंवा रात्री उशिरा करावी. दोन्ही वेळा खोली तशीच राहावी, कारण फरशीवर एक वाकळ अंथरली तरी आवाजात केबलपेक्षा मोठा फरक पडतो. प्रत्येक वेळी केबल काढण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करावा. स्पीकरच्या दोन टर्मिनलांमध्ये एक सुटी तार जरी अडकली तरी आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. तांबडे तांबड्याला आणि काळे काळ्याला गेले आहे हेही तपासावे. एका बाजूला उलट जोडणी झाली तर खर्ज विरतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा न राहता विखुरतो, आणि दोष नव्या केबलच्या माथी बसतो.

त्यानंतर आवाजाची पातळी जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो. फोनमधून १०० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे. साधे मल्टिमीटर उंच स्वरांना चुकतात, म्हणून ध्वनी खालचाच घ्यावा. दोन्ही केबलींचे आकडे एक टक्क्याच्या आत, म्हणजे सुमारे ०.१ डेसिबलच्या आत असावेत.

सीडी प्लेअरच्या आरसीए केबलींसाठी वाय-जोड (एका सॉकेटचे दोन करणारा जोड) लावून दोन्ही केबली ॲम्प्लिफायरच्या दोन इनपुटांना द्याव्यात आणि निवडीच्या बटणाने क्षणात बदलाव्यात. रेकॉर्ड प्लेअरला हे करू नये, कपॅसिटन्सची बेरीज होते. स्पीकरच्या वायरीसाठी दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून, एकाला जुनी आणि दुसऱ्याला नवी वायर जोडून मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावावे व बॅलन्सचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मग वायरींची अदलाबदल करावी. ऐकू आलेला फरक वायरीबरोबर दुसऱ्या स्पीकरवर गेला तरच तो वायरीचा, जागेवरच राहिला तर स्पीकरचा किंवा खोलीचा. ऐकायला पाठ असलेल्या भजनातील वीस-एक सेकंदांचा तुकडा घ्यावा. टाळांत वरचे स्वर आणि पखवाजात खर्ज दोन्ही सापडतात.

शेवटी डोळ्यांआड परीक्षा. घरातील कोणी छापा-काटा करून केबल निवडावी आणि ती न बदलण्याची वेळ आली तरी काढल्या-घातल्यासारखे करावे. ऐकणाऱ्याने फक्त जुनी की नवी हे लिहावे. असे दहा वेळा करावे. १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील मन्सन व गार्डनर यांनी मांडलेल्या एबीएक्स पद्धतीचे (अ आणि ब यांपैकी अज्ञात क्ष कोणता ते कानाने ओळखण्याच्या) हे घरगुती रूप आहे. दहापैकी निदान सात उत्तरे निव्वळ अंदाजानेही दर सहा परीक्षांत एकदा बरोबर येतात, म्हणून नऊ आली तरच फरक धरावा.

ऑप्टिकल, एचडीएमआय आणि यूएसबी केबलींसाठी एवढी मेहनत नको. दोष असला तर आवाज तुटतो किंवा टकटक येते, गायकाचा गळा बदलत नाही. विजेची तार तर प्लग सैल असेल किंवा तापत असेल तेव्हाच बदलावी.

फरक सिद्ध झाला नाही तर केबल मुदतीत परत करता यावी म्हणून तोवर तिची टोके कापू नयेत आणि खोके जपून ठेवावे. ठेवायची ठरली तर ती विजेच्या तारांना समांतर न नेता काटकोनात ओलांडून न्यावी, स्पीकर झाडलोटीसाठी सरकवता येईल इतकी ढील ठेवावी, आणि उंदरांचा त्रास असलेल्या घरात प्लॅस्टिकच्या पट्टीतून ओवावी.